दोन निशाणांचे जहाज

शिडांच्या जहाजांच्या काळात समुद्रावर हरलेली युद्धनौका सहसा बुडत नसे. तिचा धनी बदलत असे. निशाण खाली आले की विजेत्याची माणसे तिच्यावर चढत, मोडलेल्या डोलकाठ्यांच्या जागी कामचलाऊ काठ्या उभ्या करत आणि तिला आपल्या बंदरात नेत. तिथे दुरुस्ती होई, नव्या तोफा बसत, अनेकदा नवे नाव मिळे, आणि मग तीच नौका जुन्या धन्याविरुद्धच्या मोहिमेवर निघे. ऑक्टोबर १८०५ मधल्या ट्रफाल्गारच्या विख्यात लढाईत इंग्रजांकडून लढलेली ‘टोनां’, ‘स्पार्सियात’ आणि ‘बेलआइल’ ही जहाजे मूळची फ्रेंच होती. फ्रेंचांकडून लढलेली ‘बेरविक’ आणि ‘स्विफ्टशुअर’ ही मूळची इंग्रज होती.

या रिवाजात घडलेले एक जहाज जवळजवळ दीडशे वर्षे पाण्यावर राहिले. फ्रान्ससाठी ते पाच वर्षे झुंजले आणि इंग्लंडकडे त्याने १४४ वर्षे काढली. त्याचे पहिले नाव ‘द्युगे-त्रुआँ’ आणि दुसरे ‘इम्प्लॅकेबल’. पकडलेल्या जहाजाबरोबर विजेत्याच्या हाती नेमके काय लागत असे, हे या जहाजाच्या हकिकतीतून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कशातून होईल. शिवाय ही हकिकत फिरत फिरत थेट मुंबईच्या गोदीपर्यंत येऊन पोहोचते.

रोशफोरची गोदी, सानेचा आराखडा

फ्रान्सच्या पश्चिमेला शारांत नदीच्या काठी रोशफोर नावाचे गाव आहे. सतराव्या शतकात तिथे राजाची जहाजगोदी उभी राहिली. त्या गोदीतून मार्च १८०० मध्ये ‘द्युगे-त्रुआँ’ पाण्यात उतरले. सां-मालोचा धाडसी दर्यावर्दी रने द्युगे-त्रुआँ याचे नाव त्याला दिले होते. या पठ्ठ्याने इंग्रजांची असंख्य जहाजे पकडली होती आणि १७११ मध्ये रिओ दी जानेरो शहर काबीज करून खंडणी वसूल केली होती.

जहाजाचा आराखडा जाक-नोएल साने या अभियंत्याचा. त्या काळातल्या युद्धनौकांच्या आराखड्यांत सानेचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. त्याने आखलेल्या ७४ तोफांच्या जहाजांचा एकच नमुना फ्रान्सने आणि त्याच्या अंकित बंदरांनी शंभराहून अधिक वेळा बांधला. तोफांचे दोन पूर्ण मजले, लांबी सुमारे ५५ मीटर आणि जहाजावर सातशेच्या आसपास माणसे. खालच्या मजल्यावर सर्वांत जड तोफा असत. फ्रेंच मापाने ३६ पौंडी, म्हणजे साडेसतरा किलोंहून जड गोळा फेकणाऱ्या. एकेका तोफेचे वजन साडेतीन टनांच्या घरात असे. हे सारे वजन लाकडी सांगाड्यावर तोलायचे, वारा भरला की जहाज कलते तेव्हाही खालच्या तोफांच्या खिडक्या पाण्याच्या वर राहिल्या पाहिजेत आणि वेगही हवा. सानेने हे गणित जमवले होते.

असे एक जहाज बांधायला साधारण दोन हजार ओक वृक्ष लागत. शंभर वर्षांचे झाड तोडायचे, लाकूड मुरवायचे, सांगाड्याच्या वाकांसाठी नैसर्गिकरीत्या वाकलेल्या फांद्या शोधायच्या आणि मग काही वर्षे बांधकाम करायचे. जहाज पकडणे हे बांधण्यापेक्षा किती स्वस्त होते, ते यावरून लक्षात येईल. शत्रूचे एक कमी होते आणि आपले एक वाढते. हिशेबात फरक दोनाचा पडतो.

बुडवणे अवघड, पकडणे सोपे

लाकडी जहाज तोफगोळ्यांनी बुडवणे हे तितके सोपे नव्हते. त्या काळातला गोळा म्हणजे भरीव लोखंड. तो फुटत नसे, फक्त भोक पाडून आत शिरे. ओकच्या जाड फळ्यांत पडलेले भोक लाकडाच्या ताणामुळे बरेचसे मिटे, आणि जहाजावरचे सुतार उरलेले भोक खुंट्या व कातडे ठोकून बंद करत. मुळात लाकूड तरंगतेच. खरे नुकसान होई ते माणसांचे आणि डोलकाठ्यांचे. गोळा आत शिरताना लाकडाच्या हातभर लांब, धारदार ढलप्या उडत आणि त्या बंद मजल्यावर माणसांना कापून काढत. डोलकाठ्या पडल्या की जहाज हलेनासे होई. अर्धे गोलंदाज मेलेले, शिडे समुद्रात लोंबणारी, शत्रू पिछाडीला येऊन आरपार मारा करतो आहे, अशा अवस्थेत कप्तान निशाण उतरवायचा हुकूम देई. त्यात नामुष्की मानली जात नसे, फक्त पुरेशी झुंज दिलेली असावी लागे.

निशाण उतरल्यावर कायद्याचे काम सुरू होई. पकडलेले जहाज लंडनच्या आरमारी न्यायालयापुढे ‘वैध लूट’ ठरावे लागे. सातबाऱ्यावर नाव चढल्याशिवाय जमीन आपली होत नाही, तसेच हे. निकाल लागला की नौदल तज्ज्ञांकडून जहाजाची किंमत ठरवून घेई, ते स्वतःच विकत घेई आणि ती रक्कम पकडणाऱ्यांत वाटली जाई. १८०८ पर्यंतची वाटणी अशी होती : आठपैकी तीन हिस्से कप्तानाचे, त्यातला एक त्याच्यावरच्या अ‍ॅडमिरलचा. तीन हिस्से वेगवेगळ्या दर्जांच्या अधिकाऱ्यांचे. उरलेले दोन शेकडो खलाशी आणि सैनिकांत. १८०८ मध्ये नियम बदलले आणि खालच्या लोकांच्या वाट्याला निम्मी रक्कम आली. याखेरीज लढाई सुरू होताना शत्रूच्या युद्धनौकेवर जितकी माणसे असत, त्या प्रत्येकामागे पाच पौंड मिळत. त्यामुळे शत्रूचे जहाज शाबूत हाती यावे अशी कप्तानापासून तांडेलापर्यंत सगळ्यांचीच इच्छा असे.

आपल्या किनाऱ्यालाही ही रीत परकी नव्हती. आंग्र्यांच्या आरमारात पकडलेली जहाजे लढत असत. तुळाजी आंग्रे यांनी १७४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे ‘रिस्टोरेशन’ हे लढाऊ जहाज पकडले आणि आपल्या ताफ्यात घेतले. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा नांगरलेल्या ताफ्यात पहिली आग लागली ती याच जहाजाला. ती पसरत गेली आणि आंग्र्यांचे आरमार जळून गेले. पेशव्यांनी त्या मोहिमेत इंग्रजांना साथ दिली होती, आणि पश्चिम किनाऱ्यावरची मराठी सत्तेची सागरी ताकद त्या एका दिवसात मोडली.

हैतीतून निसटले, ट्रफाल्गारमधून निसटले

‘द्युगे-त्रुआँ’ची पहिली मोठी कामगिरी कॅरिबियन समुद्रात झाली. सां-दोमिंग, म्हणजे आजचे हैती. तिथल्या गुलामांनी उठाव करून स्वातंत्र्य मिळवले होते आणि ते चिरडण्यासाठी नेपोलियनने मोठी फौज पाठवली होती. पिवळ्या तापाने ती फौज पोखरून निघाली. १८०३ मध्ये इंग्लंडशी पुन्हा युद्ध पेटले आणि इंग्रजांनी तिथली बंदरे रोखली. जुलैमध्ये ‘द्युगे-त्रुआँ’ आणि ‘द्युकेन’ ही दोन जहाजे काप-फ्रांसे बंदरातून निसटण्यासाठी बाहेर पडली. ‘द्युकेन’ पकडले गेले. ‘द्युगे-त्रुआँ’ने अटलांटिक पार केला आणि पाठलाग चुकवत स्पेनचे कोरुन्या बंदर गाठले.

दोन वर्षांनी, २१ ऑक्टोबर १८०५ रोजी, ते ट्रफाल्गारला होते. फ्रेंच व स्पॅनिश मिळून ३३ जहाजे आणि समोर इंग्रज अ‍ॅडमिरल नेल्सनची २७. नेल्सनने शत्रूची रांग मधोमध तोडली. त्यामुळे रांगेच्या आघाडीची जहाजे लढाईबाहेर राहिली. त्यांचा प्रमुख रिअर अ‍ॅडमिरल द्युमान्वार. वारा इतका मंद होता की काही जहाजांची तोंडे वळवायला होड्या सोडून ती ओढावी लागली. ती वळेपर्यंत लढाईचा निकाल लागत आला होता. द्युमान्वार आपले ‘फॉर्मिदाब्ल’ आणि ‘सिपियाँ’, ‘माँ-ब्लाँ’, ‘द्युगे-त्रुआँ’ अशी चार जहाजे घेऊन तिथून निघून गेला. फ्रान्समध्ये त्याच्यावर पुढे बरीच टीका झाली.

चौघांनी रोशफोरचा रस्ता धरला होता. २ नोव्हेंबरला ‘फिनिक्स’ ही इंग्रज फ्रिगेट, म्हणजे हलकी व वेगवान युद्धनौका, त्यांच्या नजरेस पडली. तिचा कप्तान थॉमस बेकर याने त्यांना आपला पाठलाग करू दिला आणि सर रिचर्ड स्ट्रॅकनचा ताफा जिथे गस्त घालत होता, त्या दिशेला ओढत नेले. स्ट्रॅकनकडे चार मोठी जहाजे आणि चार फ्रिगेटी होत्या. त्या फ्रिगेटींपैकी ‘सांता मार्गारिता’ स्पेनकडून आणि ‘रेव्होल्युशनेअर’ फ्रान्सकडून पकडलेली. म्हणजे शिकार करणाऱ्यांत पूर्वी स्वतः शिकार झालेल्या होत्याच.

४ नोव्हेंबरला, स्पेनच्या वायव्य टोकाच्या ओर्तेगाल भूशिराजवळ लढाई झाली. हलक्या फ्रिगेटी फ्रेंच रांगेच्या शेपटाला चिकटून मारा करत राहिल्या आणि मोठ्या जहाजांना गाठण्याइतका वेळ त्यांनी मिळवून दिला. आधी ‘फॉर्मिदाब्ल’ आणि ‘सिपियाँ’ शरण गेली. ‘द्युगे-त्रुआँ’ आणि ‘माँ-ब्लाँ’ यांनी निसटण्याचा शेवटचा प्रयत्न केला, पण त्यांनाही गाठले गेले. ‘द्युगे-त्रुआँ’चा कप्तान क्लोद तूफे मारला गेला. इंग्रजांची २४ माणसे मेली आणि १११ जखमी झाली. फ्रेंचांची मेलेली आणि जखमी माणसे सातशेच्या वर होती.

ट्रफाल्गारला पकडलेल्या जहाजांपैकी बहुतेक लढाईनंतरच्या वादळात गेली. फक्त चार इंग्रजांच्या हाती उरली. स्ट्रॅकनची चारही मात्र प्लिमथला सुखरूप पोहोचली.

नव्या घरातली चार भावंडे

पकडलेल्या प्रत्येक जहाजाला पुन्हा समुद्र दिसेच असे नाही. ‘फॉर्मिदाब्ल’चे नाव ‘ब्रेव्ह’ झाले. ते आधी कैद्यांचे आणि मग दारूगोळा साठवण्याचे जहाज झाले आणि १८१६ मध्ये मोडीत निघाले. ‘माँ-ब्लाँ’ही दारूगोळ्याचे कोठार बनून बंदरात पडून राहिले. ‘सिपियाँ’चे नशीब बरे. १८११ च्या जावा बेटाच्या मोहिमेत त्यावर अ‍ॅडमिरलचे निशाण होते. पण १८१९ मध्ये तेही मोडले. ‘द्युगे-त्रुआँ’ नवे होते, सांगाडा मजबूत होता. त्याला ‘इम्प्लॅकेबल’ हे नाव देऊन नौदलाने आपल्या मुख्य ताफ्यात घेतले.

फ्रेंच आणि इंग्रज जहाजांचा स्वभाव वेगळा होता. फ्रेंच जहाज लांब, देखणे आणि वेगवान, पण त्याचे सांधे हलके. फ्रेंच नौदल मोहिमेपुरते बाहेर पडे. इंग्रज नौदल महिनोन्‌महिने शत्रूच्या बंदरासमोर, हिवाळ्यातही, गस्त घालत राही. त्यामुळे पकडलेल्या जहाजाला इंग्रज गोदीत आतून आधाराचे जादा लाकूड बसे. पाणी, खारवलेले मांस आणि बिस्किटे यांच्यासाठी तळाची जागा नव्याने लावली जाई. फ्रेंच ३६ पौंडी तोफा काढून इंग्रजी ३२ पौंडी बसवल्या जात, म्हणजे साऱ्या ताफ्याला एकाच मापाचा गोळा चाले.

याहून महत्त्वाचे काम तिथले आराखडाकार करत. कोरड्या गोदीत उभ्या असलेल्या जहाजाच्या तळाची मापे पुढपासून मागपर्यंत ठरावीक अंतरावर घ्यायची आणि कागदावर त्याची वळणे उतरवायची. शत्रूच्या अभियंत्याच्या डोक्यातले सारे ज्ञान अशा तऱ्हेने एका कागदावर येई. ते मग कितीही वेळा बांधता येत असे. १७८२ मध्ये इंग्रजांनी सानेचीच ‘एबे’ नावाची फ्रिगेट पकडली. तिच्या वळणांवरून त्यांनी ‘लीडा’ नावाचा फ्रिगेटींचा वर्ग काढला आणि पुढच्या काही दशकांत त्या नमुन्याच्या चाळीसहून अधिक फ्रिगेटी बांधल्या. पकडलेले जहाज एका पिढीत झिजून जाई. त्याचा आराखडा मात्र पिढ्यान्‌पिढ्या कामाला येई, आणि खरी लूट होती ती हीच.

बाल्टिकमधली अर्ध्या तासाची झुंज

१८०७ मध्ये रशियाने नेपोलियनशी हातमिळवणी केली आणि बाल्टिक समुद्रात इंग्रज व स्वीडिश एकीकडे आणि रशियन दुसरीकडे असे चित्र तयार झाले. ऑगस्ट १८०८ मध्ये अ‍ॅडमिरल खानिकोव्हचा रशियन ताफा फिनलंडच्या आखातात माघार घेत होता. पाठलाग करणाऱ्या मित्रफळीत स्वीडिश जहाजे मागे पडली आणि सर सॅम्युअल हूडचे ‘सेंटॉर’ व कप्तान थॉमस बायम मार्टिनचे ‘इम्प्लॅकेबल’ ही दोनच जहाजे कोसन्‌कोस पुढे निघून गेली. सानेने दिलेला वेग इथे इंग्रजांच्या कामी आला.

२६ ऑगस्टच्या पहाटे ‘इम्प्लॅकेबल’ने रशियन ताफ्यातले सर्वांत मागचे ‘व्सेवोलोद’ हे ७४ तोफांचे जहाज गाठले. पिस्तुलाच्या टप्प्याइतक्या जवळून मारा सुरू झाला. अर्ध्या तासाच्या आत रशियन तोफा गप्प झाल्या आणि निशाण खाली आले. तेवढ्यात खानिकोव्हचा अख्खा ताफा वळून आला आणि हूडने ‘इम्प्लॅकेबल’ला मागे बोलावले. रशियनांनी ‘व्सेवोलोद’ला ओढत नेण्याचा प्रयत्न केला, पण बंदराच्या तोंडाशी ते गाळात रुतले. संध्याकाळी ‘सेंटॉर’ त्याच्या अंगाला भिडले, हातघाईची लढाई झाली आणि जहाज पुन्हा शरण आले. आता ‘सेंटॉर’ही रुतले होते. ‘इम्प्लॅकेबल’ने जवळ नांगर टाकून, दोर बांधून त्याला ओढून काढले. ‘व्सेवोलोद’ मात्र हलेना. ते नेता येत नव्हते म्हणून जाळून टाकले गेले.

‘इम्प्लॅकेबल’वर सहाजण मेले आणि सव्वीस जखमी झाले. पुढे १८४७ मध्ये ब्रिटिश सरकारने जुन्या लढायांतल्या हयात खलाशांसाठी पदक काढले. त्यातल्या एका पट्टीवर ‘इम्प्लॅकेबल, २६ ऑगस्ट १८०८’ असे कोरलेले आहे. रोशफोरला बांधलेल्या जहाजाचे नाव असे इंग्रजांच्या छातीवर मिरवले गेले.

मुंबईला कधीच न पोहोचलेले जहाज

पकडलेल्या जहाजाचे आयुष्य किती अल्प असू शकते, तेही पाहू. सानेच्याच आराखड्यावर बांधलेली ‘रेनोमे’ ही फ्रेंच फ्रिगेट मे १८११ मध्ये मादागास्करच्या तामाताव बंदराजवळ इंग्रजांनी पकडली आणि तिचे नाव ‘जावा’ ठेवले. नोव्हेंबर १८१२ मध्ये ती इंग्लंडहून मुंबईला निघाली. जहाजावर लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप होता. तो मुंबईत मोठ्या हुद्द्यावर रुजू होण्यासाठी चालला होता. मुंबईच्या गोदीत बांधल्या जाणाऱ्या युद्धनौकांसाठी तांब्याचे पत्रे होते. आणि होते एका नव्या फ्रिगेटचे आराखडे.

त्या वर्षी अमेरिकेनेही इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारले होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘जावा’ची गाठ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’शी पडली. दोन-तीन तासांत ‘जावा’च्या साऱ्या डोलकाठ्या गेल्या. कप्तान हेन्री लॅम्बर्टला झालेली जखम प्राणघातक ठरली. जहाजाची इतकी चाळण झाली होती आणि अमेरिका इतकी दूर होती की विजेता कप्तान बेनब्रिज याने ते पेटवून दिले. त्याआधी त्याने ‘जावा’चे सुकाणूचे चाक काढून घेतले, कारण ‘कॉन्स्टिट्यूशन’चे चाक लढाईत उडाले होते. इंग्रजी नावाखालचे ‘जावा’चे आयुष्य दोन वर्षेही भरले नाही. हिस्लॉप सुटला, पुढे मद्रासच्या फौजेचा सेनापती झाला आणि २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांच्या सैन्याविरुद्ध त्यानेच लढाई जिंकली.

आराखडे मात्र गेले. इंग्लंडहून ते पुन्हा पाठवावे लागले आणि काम रेंगाळले. अखेर १८१६ मध्ये मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी ती फ्रिगेट बांधायला घेतली. ओकची टंचाई झाल्यामुळे नौदलाला मलबारचे सागवान हवे होते, आणि सागवानातले कसब वाडियांच्या घराण्याइतके कोणाकडे नव्हते. पारशी प्रथेप्रमाणे जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला गेला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ‘ट्रिंकोमाली’ पाण्यात उतरली. त्यानंतर महिनाही झाला नव्हता तोच खडकीची लढाई झाली आणि पेशवाईचा शेवट सुरू झाला. या फ्रिगेटला खर्च आला सुमारे २३ हजार पौंड. आणि ती कुठल्या वर्गाची? ‘लीडा’ वर्गाची. म्हणजे १७८२ मध्ये पकडलेल्या ‘एबे’च्या वळणांची. फ्रेंच अभियंत्याची रेषा, इंग्रजांची मागणी, मलबारचे लाकूड आणि मुंबईच्या सुतारांचा हात.

शेजार

‘इम्प्लॅकेबल’ १८१३ च्या सुमारास गोदीत विसावले. १८४० मध्ये इजिप्तच्या मुहम्मद अलीविरुद्धच्या सीरियाच्या किनाऱ्यावरील मोहिमेसाठी ते पुन्हा बाहेर पडले आणि १८५५ पासून डेव्हनपोर्टला पोरसवदा खलाशांचे प्रशिक्षण जहाज झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नौदलाला ते नकोसे झाले. तेव्हा जेफ्री व्हीटली कॉब हा जुन्या जहाजांसाठी पदरचा पैसा ओतणारा धनिक पुढे आला. १९१२ मध्ये नौदलाने जहाज त्याच्या हवाली केले.

याच कॉबने १८९७ मध्ये मुंबईची ‘ट्रिंकोमाली’ भंगारवाल्याच्या तावडीतून सोडवली होती. त्याचे ‘फूद्रॉयां’ हे जहाज त्या वर्षी ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटले होते, म्हणून तेच नाव त्याने ‘ट्रिंकोमाली’ला दिले. हे नावही इंग्रजी नौदलात आले होते ते १७५८ मध्ये पकडलेल्या एका फ्रेंच जहाजाबरोबर. १९३२ मध्ये ‘इम्प्लॅकेबल’ पोर्ट्‌समथला आले आणि दोन्ही जहाजे शेजारी नांगरली गेली. एक सानेच्या आराखड्याने फ्रान्समध्ये बांधलेले आणि लढाईत हाती आलेले. दुसरे सानेच्याच वळणांवरून मुंबईत घडवलेले. सुट्टीत शेकडो मुले-मुली त्यांच्यावर राहून वल्हे मारायला, गाठी बांधायला, शीड हाताळायला शिकत.

दुसऱ्या महायुद्धानंतर ‘इम्प्लॅकेबल’चे लाकूड कुजत चालले होते आणि देशाची तिजोरी रिकामी होती. फ्रान्सला विचारले, फ्रान्सनेही नकार दिला. दुरुस्तीचा खर्च दीड-दोन लाख पौंडांचा होता. २ डिसेंबर १९४९ रोजी जहाज पोर्ट्‌समथहून समुद्रात ओढत नेले गेले. त्यावर ब्रिटनचे आणि फ्रान्सचे, अशी दोन्ही निशाणे फडकत होती. पोटात शेकडो टन लोखंड भरले होते. सुरुंगाने तळ उडाला, तरी दीडशे वर्षांचा सांगाडा चटकन बुडेना. वरचा भाग काही तास तरंगत राहिला.

ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आज त्याची पिछाडी उभी आहे. भिंतभर उंचीची, खिडक्यांच्या ओळींची आणि कोरीव कामाची. नाळेवरचे मेड्युसाचे डोकेही तिथेच आहे. नांगर ओढण्याचे उभे चक्र रोशफोरच्या संग्रहालयात, म्हणजे जहाजाच्या जन्मगावी परतले आहे. ट्रफाल्गारला लढलेल्या साठ जहाजांपैकी त्या दिवसापर्यंत शिल्लक राहिलेले, नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’खेरीजचे, हे एकमेव जहाज होते. ब्रिटनमध्ये हळहळ इतकी झाली की पुढच्या काही वर्षांत ‘कटी सार्क’ हे चहाचे जहाज वाचवण्यासाठी लोक पुढे आले. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या वर्ल्ड शिप ट्रस्टने तर ‘इम्प्लॅकेबल : पुन्हा कधीही नाही’ हेच ब्रीद घेतले.

मुंबईची ‘ट्रिंकोमाली’ या नव्या जाणिवेमुळे तगली. १९८७ मध्ये ती हार्टलपूलला नेण्यात आली, पुढची बरीच वर्षे तिची डागडुजी चालली, आणि १९९२ मध्ये तिला तिचे मूळ नाव परत मिळाले. युरोपात आजही पाण्यावर असलेली सर्वांत जुनी युद्धनौका ती हीच. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या किंवा तिकडे जाणाऱ्या मराठी माणसाने ती जरूर पाहावी. दोनशे वर्षांपूर्वी मुंबईच्या कारागिरांनी घासलेल्या सागवानावर तिथे हात ठेवता येतो.

आपल्याकडे काय झाले, हेही याच ओघात सांगितले पाहिजे. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात कामगिरी गाजवलेली ‘आयएनएस विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली. काही वर्षे ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२ मध्ये संग्रहालय बंद झाले आणि २०१४ मध्ये दारूखाना या जहाजतोडणीच्या ठिकाणी तिचे तुकडे झाले. कारण तेच, जे १९४९ मध्ये पोर्ट्‌समथला होते : दुरुस्तीला पैसा नाही आणि निर्णय घ्यायला उशीर झालेला. जुने जहाज शेवटच्या वर्षी वाचवता येत नाही. ते निवृत्त होण्याआधी पाच-दहा वर्षे त्याची जागा, त्याचा निधी आणि त्याची जबाबदारी ठरवावी लागते. मुंबईच्या गोदीतून पुढची एखादी मानाची युद्धनौका निवृत्त व्हायच्या आत हा प्रश्न आपल्या आमदार-खासदारांना विचारा, वर्तमानपत्रांत लिहा, आणि वर्गणीची वेळ आली तर खिशात हात घाला.